पायांची निगा आणि न दुखणाऱ्या जखमा

संस्थेच्या वार्षिक अहवालात रुग्णसेवेच्या वृत्तांताबरोबर एखाद्या व्याधीविषयी चार उपयुक्त गोष्टी सांगाव्यात, असा आमचा प्रयत्न असतो. या खेपेस आम्ही पायांचा विषय निवडला आहे. हृदय, मूत्रपिंड किंवा डोळे यांच्या तुलनेने हा विषय वाचकांस किरकोळ वाटेल. पायाला भेग पडली, कुरूप झाले, काटा मोडला, तर त्यासाठी रुग्णालयात कोण जातो? तरीही शस्त्रक्रियागृहातून बाहेर पडताना 'हे टळू शकले असते' अशी रुखरुख आम्हाला ज्या शस्त्रक्रियांनंतर सर्वाधिक लागते, त्या पायाच्याच असतात.

एका रुग्णाची हकीकत सांगून आरंभ करतो. गावातील एक किराणा दुकानदार, वय साठीच्या पुढे, मधुमेह जुना. दुकानात दिवसभर उभे राहणे, गोदामातून पोती काढून देणे हा नित्यक्रम. एके सकाळी त्यांच्या सुनेला फरशी पुसताना दारापासून देवघरापर्यंत तांबूस डाग दिसले. तिने विचारले, "मामंजी, पायाला काही लागलंय का?" त्यांनी नाही म्हणून सांगितले, आणि ते खोटे बोलत नव्हते. सुनेने आग्रहाने पाय वर करून पाहिला, तेव्हा चवड्याखाली रुपयाएवढी जखम आणि तिच्याभोवती काळसर कातडी होती. चप्पल उलटी केली तर तळातून एक बारीक खिळा वर आलेला. तो किती दिवस टोचत होता हे त्यांना सांगता आले नाही. "दुखत तर काही नव्हतं, मग दाखवायचं कशाला?" हा त्यांचा प्रश्न आम्ही त्यांच्यानंतर अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. त्यांच्या पायाची दोन बोटे काढावी लागली. पाय वाचला.

या घटनेत आमचाही दोष होता, तो येथे नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो. हे गृहस्थ कित्येक वर्षे आमच्याच बाह्यरुग्ण विभागात साखर तपासून घेण्यास येत असत. दर वेळी रक्तदाब पाहिला गेला, गोळ्यांचे प्रमाण कमीजास्त झाले, पथ्य सांगितले गेले. मात्र आपल्याकडील रीतीप्रमाणे ते चप्पल दाराबाहेर काढून आत येत, खुर्चीत बसत आणि त्यांचे पाय टेबलाखाली राहात. ते पाय आम्ही कधी पाहिले नाहीत. चप्पल तर दाराबाहेरच होती.

वेदना कोठे जाते?

पाठीच्या कण्यातून निघून पायाच्या बोटांपर्यंत जाणारे मज्जातंतू शरीरातील सर्वांत लांब होत. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की मज्जातंतूंना इजा होऊ लागते, आणि जे तंतू सर्वांत लांब, ते आधी निकामी होतात. म्हणून बधिरपणाचा आरंभ दोन्ही पायांच्या बोटांपासून होतो आणि मोजा वर ओढावा तसा तो हळूहळू घोट्याकडे सरकतो. आरंभी मुंग्या येतात, रात्री तळव्यांची आग होते, कापसावर चालल्यासारखे वाटते. पुढे ही आग आपोआप शमते. रुग्णाला वाटते, औषध लागू पडले. वस्तुतः कित्येकदा तक्रार करण्याची शक्तीच त्या तंतूंत उरलेली नसते.

हानी एवढ्यावर थांबत नाही. पायाच्या लहान स्नायूंना आज्ञा देणारे तंतूही क्षीण होतात. स्नायूंचा तोल बिघडून बोटे आकड्यासारखी वाकतात आणि शरीराचा भार चवड्याच्या एखाद्या हाडावर एकवटतो. त्या जागी घट्टा पडतो. घट्टा कठीण झाला की चालताना आतला मऊ भाग खड्यावर दाबल्यासारखा चिरडला जातो आणि कातडीखाली जखम तयार होते. वरून पाहणाराला फक्त जाड कातडी दिसते. तिसरे म्हणजे घामाचे नियंत्रण करणारे तंतू बिघडले की पाय कोरडा पडतो, कोरड्या टाचेला भेगा पडतात आणि भेगेतून जंतूंना वाट मिळते. बधिर, वाकडा आणि कोरडा, असा हा पाय जोवर दुखत नाही तोवर मालकाच्या खिजगणतीत नसतो.

न दुखणाऱ्या जखमेचा हा धडा वैद्यकशास्त्र प्रथम कुष्ठरुग्णांकडून शिकले, आणि तो बराचसा भारतात शिकले. तमिळनाडूतील कोल्ली डोंगरात 1914 साली जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड 1946 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शल्यचिकित्सक म्हणून आले. कुष्ठरोगात हातपायांची बोटे रोगानेच सडून गळतात, असा तेव्हाचा समज होता. ब्रँड यांनी रुग्णांच्या दिनचर्येचे बारकाईने निरीक्षण केले आणि दाखवून दिले की मूळ हानी बधिरपणाची आहे; बोटे जातात ती चटके, टोचण्या, घासणारी पादत्राणे आणि जखमेवर भार देऊन चालत राहणे यांमुळे. रात्री झोपेत उंदीर कुरतडून जातो आणि रुग्णास कळत नाही, हेही त्यांना आढळले. तेथील रुग्णांबरोबर मग मांजरे देण्यात आली. 1966 नंतर ब्रँड अमेरिकेत लुइझियानातील कार्व्हिल येथे गेले आणि हेच ज्ञान मधुमेही रुग्णांच्या पायांसाठी वापरात आले. 2003 साली त्यांचे निधन झाले. कुष्ठरुग्णांसाठी वापरले जाणारे मऊ मायक्रोसेल्युलर रबर, ज्याला आपल्याकडे 'एमसीआर' चप्पल म्हणतात, तेच आज आम्ही मधुमेही रुग्णांस देतो. काही रुग्ण 'ती त्या रोगाची चप्पल' म्हणून नाक मुरडतात. त्यांची समजूत घालण्यात आमच्या परिचारिकांचा बराच वेळ जातो.

बधिरपणा मधुमेहानेच येतो असे मात्र नाही. ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता, दीर्घकाळचे मद्यपान आणि खुद्द कुष्ठरोग ही कारणेही लक्षात घ्यावी लागतात. डिसेंबर 2005 अखेर राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दर दहा हजारी एकाच्या खाली आले; त्याचा अर्थ रोग नाहीसा झाला असा नव्हे. अंगावर फिकट वा तांबूस, संवेदना नसलेला चट्टा दिसला किंवा चालताना पायाचा पंजा लुळा पडून चप्पल निसटू लागली, तर तपासणी लांबवू नये. बहुविध औषधोपचार शासकीय केंद्रांत मोफत मिळतात आणि रोग पूर्ण बरा होतो.

नित्याच्या तक्रारी

टाचांच्या भेगा, ज्यांना जुनी माणसे जळवात म्हणतात, त्या हिवाळ्यात व उन्हाळ्यात अधिक त्रास देतात. रात्री पाय धुऊन, कोरडे करून, टाचेला खोबरेल तेल, पेट्रोलियम जेली किंवा कोकणात मिळणारे कोकमाचे तेल चोळावे. काशाच्या वाटीने तूप चोळण्याची पद्धतही वाईट नाही, फक्त जोर हलका असावा आणि जखमेवर वाटी फिरवू नये. तेलतूप बोटांच्या बेचक्यांत मात्र लावू नये. बेचके कोरडेच हवे. भेग खोल असेल, रक्त वा पाणी येत असेल, तर घरगुती उपाय थांबवावेत.

कुरूप किंवा भोवरी म्हणजे एका ठिकाणी सतत दाब वा घर्षण झाल्याने तयार झालेली कठीण कातडीची खुंटी. ती कापून काढली तरी चप्पल तीच राहिली तर पुन्हा येते. रोगाचे मूळ पादत्राणात असते. दुकानात मिळणाऱ्या कुरुपाच्या पट्ट्यांत कातडी विरघळवणारे आम्ल असते. ज्याच्या पायाला संवेदना आहे त्याला ते झोंबले की तो पट्टी काढून टाकतो. बधिर पायाचा मनुष्य ती तशीच ठेवतो आणि चार दिवसांनी खड्डा घेऊन आमच्याकडे येतो. बिब्ब्याविषयीही हेच सांगावे लागेल. कुरुपावर, भेगांवर, मोडलेल्या काट्यावर बिब्ब्याचा चटका देण्याची चाल अद्याप खेड्यापाड्यांत आहे. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते आणि फोड येतात. आजीबाईंच्या बटव्याचा आम्हाला अनादर नाही. पण मधुमेही पायाला बिब्बा, ब्लेड आणि गरम वीट या तीन वस्तूंपासून दूर ठेवावे.

चिखल्यांची ओळख भातशेती करणाऱ्या वाचकांस करून देण्याची गरज नाही. लावणीच्या दिवसांत पाय तासन्‌तास चिखलात राहिले की बोटांच्या बेचक्यांतील कातडी पांढरी, भिजट होऊन सोलते, खाज सुटते, आग होते. पुढे त्यात बुरशी वाढते. शहरात हाच त्रास ओले बूट घालून लोकलने हिंडणाऱ्यांस होतो. पाय धुतल्यावर प्रत्येक बेचके वेगळे पुसणे हा मुख्य उपाय, आणि बुरशीविरोधी मलम डॉक्टरांच्या सल्ल्याने पूर्ण मुदतीपर्यंत लावणे हा दुसरा. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या मलमांत बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी आतल्या आत पसरते. जुन्या मलमाची नळी घेऊन येणाऱ्या रुग्णांची ही कहाणी आता आमच्या त्वचारोग विभागास पाठ झाली आहे.

नखे सरळ आडवी कापावीत, कोपरे आत खोल कोरू नयेत. अंगठ्याचे नख मांसात रुतले की कोपरा सुजतो, पू होतो. दिसायला ही बाब लहान असली तरी मधुमेही रुग्णाने त्यात पिन वा सुई घालून खुपसू नये.

टाचदुखीचे रुग्ण फार असतात, आणि सुदैवाने हा आजार बहुधा निरुपद्रवी असतो. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकताच टाचेत कळ येते, थोडे चालल्यावर ती कमी होते. टाचेपासून बोटांपर्यंत ताणलेल्या तळव्याच्या पट्ट्याला आलेला हा ताण असतो. क्ष-किरण चित्रात 'हाड वाढलेले' दिसले की रुग्ण घाबरतो. वास्तविक तसे वाढलेले हाड कसलीही वेदना नसलेल्या पुष्कळ लोकांतही आढळते. पोटरी व तळवा ताणण्याचे व्यायाम, मऊ टाचेची चप्पल आणि धीर, एवढ्याने बहुतेक लोक काही महिन्यांत बरे होतात.

पाऊस, नवरात्र आणि वारी

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालताना पायाची लहानशी चीरही धोक्याची ठरते. उंदीर व गुरे यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू याच वाटेने शरीरात शिरतात. 26 जुलै 2005 च्या मुंबईतील महापुरानंतर या रोगाची साथ आली होती. अशा पाण्यातून जावे लागले तर घरी येताच पाय साबणाने धुवावेत, जखम झाकावी, आणि पुढील दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना पाण्यातून चालल्याचे आवर्जून सांगावे. प्रतिबंधक गोळी घ्यावी की नाही हेही त्यांनाच विचारावे.

नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहण्याचे व्रत अनेक जण करतात. तुळजापुरास, कोल्हापुरास पायी जातात. आषाढीची वारी तर आपल्या रक्तातच आहे. श्रद्धेच्या आड येण्याचा आमचा हेतू नाही. मात्र दसऱ्यानंतरच्या आठवड्यात आमच्याकडे काचा रुतलेले, तळवे भाजलेले पाय येतात, आणि त्यांतील जे बधिर असतात ते फार उशिरा येतात. दुपारच्या उन्हात देवळाच्या फरसबंदीवर प्रदक्षिणा घालणाऱ्या मधुमेही भाविकास चटका जाणवत नाही. फोड मात्र येतो. अशांनी पहाटे दर्शन घ्यावे आणि जाड सुती मोजे घालावेत. वारीत चालताना मोज्यांचा सुका जोड जवळ बाळगावा. फोड आलाच तर तो फोडू नये, वरची कातडी सोलू नये. स्वच्छ पट्टी बांधावी. बधिर पायाच्या माणसाने अनवाणी व्रत करूच नये असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि देवीला ते चालेल असे आम्हाला वाटते.

घरातही हाच प्रश्न उभा राहतो. मधुमेही व्यक्तीने घरात अनवाणी फिरू नये असे आम्ही सांगतो, तेव्हा स्वयंपाकघर आणि देवघर यांचे काय, असे विचारले जाते. घरापुरती वेगळी, धुता येईल अशी मऊ चप्पल ठेवावी. ती उंबऱ्याबाहेर नेऊ नये. बहुतेक घरांना ही तडजोड मान्य होते.

रक्तपुरवठा आणि एक फसवी सूज

जखम भरण्यासाठी रक्त पोहोचावे लागते. मधुमेह, उच्च रक्तदाब आणि तंबाखू यांमुळे पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद होतात. ठरावीक अंतर चालल्यावर पोटरीत गोळा येतो, थांबले की जातो, पुन्हा चालले की पुन्हा येतो, ही त्याची खूण. पुढच्या अवस्थेत पाय थंड व निस्तेज पडतो, रात्री पलंगावरून खाली लोंबता ठेवल्यावर बरे वाटते. विडी-सिगारेट ओढणारे रुग्ण याला वयोमान समजतात. या विषयात आम्ही कठोर आहोत: धूम्रपान चालू ठेवून पाय वाचवण्याची हमी कोणताही शल्यचिकित्सक देऊ शकत नाही.

दुसरी एक अवस्था डॉक्टरांनाही चकवते. जुन्या मधुमेही रुग्णाचा एक पाय अचानक सुजतो, लालसर होतो, हात लावला तर दुसऱ्यापेक्षा गरम लागतो. जखम नसते आणि दुखणेही फारसे नसते. मुरगळला असेल म्हणून गूळ-चुन्याचा लेप लावला जातो, मालीश केली जाते. ही शार्को संधिविकाराची सुरुवात असू शकते. एका पायात 26 हाडे असतात. या विकारात ती ठिसूळ होतात, निखळतात आणि तळव्याची कमान कोसळून पाय होडीच्या तळासारखा फुगीर होतो. वेळीच प्लास्टर घालून भार काढला तर आकार टिकतो. म्हणून एक पाय गरम आणि सुजलेला दिसला तर चालणे बंद करून त्याच दिवशी दाखवावे. त्याचप्रमाणे काळी पडलेली कातडी, दुर्गंधी, जखमेभोवती पसरणारी लाली, जखमेसह ताप, किंवा दोन दिवसांत सुधारणा न दिसलेली लहान जखम, यांपैकी काहीही असल्यास पुढच्या तारखेची वाट पाहू नये. टेटॅनसची लस केव्हा घेतली होती तेही सांगावे.

रोज दोन मिनिटे

रात्री पाय धुतल्यावर ते उजेडात पाहावेत: तळवा, टाच, प्रत्येक बेचके. गुडघ्यांमुळे वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा. नजर अधू असेल तर घरातील कोणी पाहावे. पायाला हात लावू देण्यास आपल्या वडीलधाऱ्यांना संकोच वाटतो, विशेषतः सासूबाईंना सुनेकडून. पण नमस्काराला वाकणाऱ्या नातवंडाला हे काम दिले तर ते आनंदाने करते, आणि त्याची नजरही तीक्ष्ण असते. पाय धुण्याचे पाणी किती गरम आहे ते पायाने पाहू नये, कोपराने पाहावे. गरम पाण्याच्या पिशवीने बधिर पाय शेकू नयेत.

पादत्राणे संध्याकाळी घ्यावीत, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. कागदावर उभे राहून पायाची बाह्यरेषा काढावी आणि तो कागद दुकानात न्यावा. चप्पल त्या रेषेहून अरुंद असेल तर कितीही सुंदर असली तरी घेऊ नये. अंगठ्याची चप्पल बधिर पायातून नकळत निसटते, शिवाय बेचक्यात घासते. मागे पट्टा असलेली सँडल बरी. कोल्हापुरी चपलेवर आमचेही प्रेम आहे. नव्या कोल्हापुरीने चावा घेतल्याचे मात्र बधिर पायाला कळत नाही. चप्पल वा बूट घालण्यापूर्वी उलटा करून झटकावा आणि आत हात फिरवावा. आम्ही बुटांतून खडे, बाटलीचे झाकण आणि एकदा नातवाची खेळण्यातील मोटार काढलेली आहे. तिच्यावर ते आजोबा दिवसभर चालले होते.

त्या दुकानदार गृहस्थांच्या शस्त्रक्रियेनंतर आम्ही बाह्यरुग्ण विभागात एक लहानसा बदल केला. मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाचे पाय वर्षातून किमान एकदा पूर्ण तपासले जातात. ज्यांना बधिरपणा वा जुनी जखम आहे त्यांचे अधिक वेळा. तपासणीचे साधन अगदी साधे आहे. 10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याच्या ठरावीक जागी टेकवायचा आणि डोळे मिटलेल्या रुग्णाने स्पर्श कळला का ते सांगायचे. सोबत ट्यूनिंग फोर्कने कंपनाची जाणीव पाहायची आणि पायाच्या दोन नाड्या बोटांनी चाचपायच्या. याला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. खर्च येतो तो पुढे: आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या मलमपट्ट्यांना, प्लास्टरला आणि मापानुसार बनवलेल्या पादत्राणांना. पादत्राणासाठी दिलेली देणगी अहवालाच्या छायाचित्रांत उठून दिसत नाही, हे देणगीदारांस आम्ही प्रांजळपणे सांगतो.

रुग्णांच्या नातेवाइकांस एक सूचना. पायांच्या तपासणीस येताना रुग्णाने रोजच्या वापरातील चप्पल पायात घालून यावे आणि ती दाराबाहेर न काढता आत आणावी. तिच्यासाठी टेबलाशेजारी जुने वर्तमानपत्र अंथरलेले असते. चपलेचा तळ कोठे झिजला आहे हे पाहिले की भार कोठे पडतो ते आम्हाला समजते. ती फाटकी आहे, मळलेली आहे म्हणून संकोच करू नये. ठेवणीतली नवी चप्पल घालून आलेल्यांना आम्ही पुढच्या खेपेस जुनी घेऊन येण्यास सांगतो.